पोलीस सुधारणा: घोडं नक्की कुठे अडलंय?

तिसरी घंटा

दर सप्टेंबरात पेपरात एक लेख येतो: प्रकाश सिंह निकालाला अमुक वर्षं झाली, अंमलबजावणीच्या नावाने ठणठणाट. यंदाही आला. या विषयावर इथे धड चर्चा झालेली आठवत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आणीबाणीत पोलीस कसे वापरले गेले ते पाहून जनता सरकारने १९७७ ला धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. १९७९ ते १९८१ दरम्यान त्याने आठ अहवाल दिले. तोवर सरकार बदललं होतं, अहवाल कपाटात गेले. प्रकाश सिंह हे माजी पोलीस महासंचालक. त्यांनी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २२ सप्टेंबर २००६ ला निकाल लागला. त्यात सात निर्देश होते. महासंचालक, एसपी आणि ठाण्याचा प्रमुख यांना किमान दोन वर्षं हलवू नका, बदल्या-बढत्या पोलीस आस्थापना मंडळाने कराव्यात, वर एक राज्य सुरक्षा आयोग असावा, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावं, तपास आणि बंदोबस्त वेगळे करावेत, वगैरे.

महाराष्ट्राने २०१४ ला पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. कागदावर बरंच काही आलं.

माझं मत विचाराल तर सगळी ग्यानबाची मेख बदलीत आहे. बदली ज्याच्या हातात, पोलीस त्याचे. बाकी वाहनं, ॲप, प्रशिक्षण हे सगळं नंतरचं. तुमचा अनुभव काय? आणि दुसऱ्या कुठल्या देशाने हे जमवलंय का? जमवलं असेल तर त्याचे परिणाम काय झाले?

चहाबाज

ज्याच्या हाती बदली तो पारधी. :)

वाचतोय.

खडूस आजोबा

१८६१ चा इंग्रजांचा कायदा अजून चालू आहे, तिथे सुधारणा कसल्या करताय? ५७ च्या बंडानंतर लोकांना दाबायला केलेला कायदा. लोक दबलेत. यंत्रणा उत्तम चालू आहे.

काळा कोट

आजोबा, कारण बरोबर सांगितलंत, पण महाराष्ट्रात १८६१ चा कायदा नाही. आपल्याकडे १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आहे, हल्ली त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. म्हणजे स्वातंत्र्यानंतर चार वर्षांनी, आपल्याच विधिमंडळाने केलेला. साचा मात्र तोच राहिला. इंग्रजांना दोष देऊन मोकळं होणं फार सोयीचं असतं. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने, म्हणजे खुद्द इंग्रजांच्याच आयोगाने, हे दल अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी असल्याचं लिहून ठेवलंय.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याबद्दल. २०१४ च्या दुरुस्तीत कलम २२न आलं. त्यात मुदती आहेत: उपअधीक्षक आणि त्यावरच्यांना दोन वर्षं, अंमलदारांना (शिपाई, हवालदार वगैरे) एका ठिकाणी पाच वर्षं. वाचून बरं वाटतं. मग पोटकलम दोन येतं. अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितार्थ आणि प्रशासकीय निकडीपोटी मुदतीआधी बदली करता येईल. कुठलाही मुदतपूर्व बदलीचा आदेश काढून बघा, हे शब्द जसेच्या तसे छापलेले असतात. निकड काय होती ते नसतं. अधिकारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात, काही जिंकतातही. तोवर त्या खुर्चीवर दुसरा बसलेला असतो.

आणखी एक. निकालात आस्थापना मंडळ म्हणजे महासंचालक आणि चार ज्येष्ठ पोलीस अधिकारी असं होतं. आपल्याकडच्या पहिल्या क्रमांकाच्या मंडळाचे अध्यक्ष गृह खात्याचे अपर मुख्य सचिव आहेत. सुरक्षा आयोगाचे अध्यक्ष गृहमंत्री. ज्याच्यापासून अंतर ठेवायचं त्यालाच यजमान केलंय.

वऱ्हाडी ठेचा

हे मंजे कुंपणच शेत खाते अन् वरून कुंपणाले अध्यक्ष करते. जमलं बा.

नायगावचा मुलगा

सगळे एसपी आणि महासंचालकांच्या मुदतीबद्दल बोलताय. माझे वडील मुंबई पोलिसात हवालदार होते. आम्ही पोलीस वसाहतीत वाढलो, एका खोलीत सात माणसं. निळी हाफ पँट आणि पिवळी टोपी मला आठवते. आई ती टोपी पिठाच्या डब्यावर ठेवायची, दुसरी जागाच नव्हती.

ऑगस्ट १९८२. मी शाळकरी होतो. १५ ऑगस्टला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या होत्या. मागण्या काय, तर पगार, घरं, ड्युटीचे तास आणि साहेबांच्या घरची कामं बंद करा. १८ तारखेला पहाटे पोलीस संघटनेच्या पुढाऱ्यांना उचललं, शहर पेटलं, लष्कर आणि बीएसएफ बोलवावं लागलं. संघटनेची मान्यता गेली, कित्येकजण बडतर्फ झाले. गिरणी संपही त्याच वर्षी चालू होता, त्यामुळे पुढे लोकांना गिरण्याच लक्षात राहिल्या.

तेव्हापासून महाराष्ट्रात शिपायाला आवाजच नाही. आयोग येतात, आयपीएस लोकांशी बोलतात, आयपीएस लोकांच्या अडचणी लिहून घेतात. आठ अहवाल आले असतील, पण आमच्या वसाहतीतल्या कुणाला कुणी काही विचारल्याचं मी ऐकलं नाही. दलात नव्वद टक्क्यांच्या आसपास माणसं अंमलदार आहेत. त्यांचं काय?

तिसरी घंटा

नायगावचा मुलगा, मुद्दा रास्त आहे. पण धर्मवीर आयोगाच्या पहिल्याच अहवालात शिपायांचे तास, घरं आणि ऑर्डर्ली पद्धत (साहेबांच्या घरी शिपाई राबवणं) यांवर बरंच लिहिलंय. न्यायालयासमोर ते पोचेपर्यंत गाळलं गेलं असं म्हणू शकतो. सात निर्देशांत शिपायाला थेट काही नाही, हे खरं.

सौ. खाकी

मी महिला पोलीस अंमलदार आहे, आयडी त्यामुळेच असा. जास्त खोलात लिहिता येणार नाही.

२०१६ ला मुंबईत दत्ता पडसलगीकर साहेब आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी प्रयोग म्हणून सुरू झाली. कल्पना एका शिपायाचीच होती. पुढे बाकीच्या ठाण्यांतही आली. आम्हा महिलांसाठी २०२२ च्या सुरुवातीला आठ तासांचा आदेश निघाला. आदेश निघाला तेव्हा सासूबाईंनी पेढे आणले होते, खोटं नाही.

आता प्रत्यक्षात. ठाण्यात माणसं पुरेशी असतील तर आठ तास मिळतात. गणपती, मोहरम, निवडणूक, व्हीआयपी दौरा आला की बारा ठरलेले, आणि बंदोबस्ताच्या जागी बाथरूम नसणं हेही ठरलेलं. सकाळी पाणी न पिता निघायचं, हे प्रत्येक नव्या मुलीला आम्हीच शिकवतो. कोणत्या आयोगाच्या कोणत्या शिफारशीत हे बसतं ते मला माहीत नाही. पण आठ तास मिळायला लागले तेव्हा आमच्या ठाण्यात एक फरक मी स्वतः पाहिला. रात्री अकराला आलेल्या फिर्यादीवर कुणी खेकसत नव्हतं. झोप झालेली असायची ना.

२०२२ लाच पोलीस नाईक हे पद रद्द झालं. त्यामुळे शिपायाचा थेट हवालदार होतो आणि निवृत्तीच्या आत पीएसआय व्हायची आशा राहते. बाहेर याची बातमी फार झाली नाही. आमच्यासाठी मोठी गोष्ट होती.

चहाबाज

ताई, हा या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. बाकीचे आपण नुसते वाफा सोडतोय.

भातुकली

पाणी न पिण्याचं वाचून वाईट वाटलं. तरी दुसरी बाजू लिहिते.

माझ्या भावाची मोटरसायकल चोरीला गेली. तालुक्याच्या ठिकाणचं ठाणं, नाव नको. चोरी हा सरळसरळ दखलपात्र गुन्हा. पण आधी "दोन दिवस शोधा, कुणीतरी नेली असेल", मग "ही जागा आमच्या हद्दीत येत नाही", मग गहाळ म्हणून साधी नोंद. ललिता कुमारी निकालाचा (२०१३, दखलपात्र गुन्हा नोंदवणं सक्तीचं) कागद छापून नेला, तर ठाणे अंमलदार म्हणाले, "मॅडम, वकील आहात का?" शेवटी एसपी कार्यालयाला रजिस्टर एडीने अर्ज पाठवला तेव्हा गुन्हा दाखल झाला.

तेव्हा मला राग शिपायांचा आला होता. नंतर ओळखीतल्या एका अधिकाऱ्याने सांगितलं की महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत, "तुमच्या ठाण्यात चोऱ्या वाढल्यात" म्हणून साहेब बोलणी खातात. मग नोंदच नको. तेव्हा बदली कुणी करायची याच्याइतकंच काम मोजायचं कसं हेही बघायला हवं.

काळा कोट

भातुकलीताई, नेमकं बोललात. आकडा कमी दिसला की शाबासकी, म्हणून गुन्हाच लिहायचा नाही. जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, १ जुलै २०२४ पासून, हद्द नाही म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायचा आणि संबंधित ठाण्याकडे वर्ग करायचा. आता कुणी "हद्द" म्हणालं तर कलम १७३ सांगा. वकील आहात का विचारलं तर माझा नंबर द्या. ;)

निवृत्त पीएसआय

३५ वर्षं नोकरी केली, आता शेती. तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा हा निर्देश कागदावर सुरेख आहे. ठाण्यात काय होतं ते सांगतो.

समजा तपासाला वेगळी माणसं दिली. गणेशोत्सव आला. वरून वायरलेस येतो, शंभर टक्के मनुष्यबळ बंदोबस्ताला. तपासाची माणसंही रस्त्यावर. इकडे आरोपी अटकेत असेल तर साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेलं पाहिजे, नाहीतर त्याला आपोआप जामीन. तपासी अधिकारी विसर्जन मिरवणुकीत उभा आणि त्याचा रायटर (लेखनिक) ठाण्यात बसून जबाब लिहितोय, हे मी किती वेळा पाहिलंय विचारू नका. जबाब सगळे एकाच भाषेत, एकाच वळणाचे. "समक्ष विचारल्यावरून सांगतो की..." कोर्टात साक्षीदार वेगळंच बोलतो आणि मग न्यायाधीश आमच्यावर ताशेरे ओढतात.

नव्या कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं, झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं. चांगलंच आहे, मी विरोधात नाही. ज्याने आयुष्यभर ठरलेले पंच पाहिलेत त्याला चित्रीकरणाची किंमत कळते. माझा पुतण्या सध्या नोकरीत आहे. तो स्वतःच्या फोनवर चित्रीकरण करतो, मेमरी भरली की मुलांचे फोटो उडवतो. परराज्यातून आरोपी आणायचा तर जाताना खर्च खिशातून, बिल सहा महिन्यांनी. हा खर्च कुणीतरी भरून काढतो. कोण भरतो आणि बदल्यात काय मागतो, हे समजून घ्या.

बदलीबद्दल धागाकर्त्यांशी अर्धा सहमत. दोन वर्षांची हमी चांगल्या अधिकाऱ्याला बळ देते. वाईटालाही देते. दोन वर्षं पक्की म्हटल्यावर काहीजण पहिल्या महिन्यापासून हिशेब मांडून बसतात.

कर्जत लोकल

माझी मुलगी जॉर्जियात तिबिलिसीला एमबीबीएस करते. (महाराष्ट्रातली इतकी मुलं आहेत तिथे की वसतिगृहात पोह्यांचा वास येतो.) तिला भेटायला गेलो तेव्हा पोलीस ठाण्याची इमारत बघून थबकलो. बाहेरच्या भिंती काचेच्या. आत कोण बसलंय ते फुटपाथवरून दिसतं.

मग वाचत बसलो. तिथे पूर्वी वाहतूक पोलीस म्हणजे चौकाचौकात हात पसरलेले. पगार नगण्य, तोही वेळेवर नाही, नोकरी पैसे देऊन मिळवलेली. २००३ च्या गुलाब क्रांतीनंतर साकाशविली सत्तेवर आले आणि २००४ ला त्यांनी अख्खं वाहतूक पोलीस दलच बरखास्त केलं. हजारो माणसं घरी. नवी भरती, नवा गणवेश, पगार कैक पटींनी वाढवलेला. रस्त्यावरची लाच संपली. भीती होती की मधल्या काळात अपघात आणि गुन्हे वाढतील, तसं काही झालं नाही, यातच काय ते आलं!

धागाकर्त्यांचा प्रश्न होता ना, कुणी जमवलंय का? हे घ्या.

खडूस आजोबा

उत्तम. महाराष्ट्रात करा. दोन लाख माणसं उद्या घरी पाठवा. परवा बंदोबस्ताला तुम्ही आणि मी.

ऑलिव्ह

कर्जत लोकल, गोष्ट अर्धीच सांगितलीत. तेच सरकार २०१२ ला पडलं कशामुळे? निवडणुकीच्या तोंडावर सप्टेंबरात ग्लदानी तुरुंगातल्या छळाच्या चित्रफिती बाहेर आल्या. लोक रस्त्यावर आले, ऑक्टोबरात सत्ता गेली. पोलिसांची साफसफाई करणारे गृहमंत्री मेराबिश्विली पुढे स्वतः तुरुंगात गेले. चिरीमिरी गेली हे खरंच आहे. पण दल पूर्ण गृह मंत्रालयाच्या मुठीत राहिलं, वर कुणाचा वचक नाही. २०२४ च्या अखेरीस तिबिलिसीत निदर्शकांना कसं झोडपलं ते मुलीने पाहिलंच असेल.

स्वच्छ पोलीस आणि स्वतंत्र पोलीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण इथे पहिल्यासाठी भांडतोय की दुसऱ्यासाठी, ते आधी ठरवा.

कर्जत लोकल

पाहिलं तिने. त्या आठवड्यात आम्ही इथे झोपलो नव्हतो. मुद्दा मान्य, तरी रस्त्यावरच्या माणसाला रोजच्या लाचेतून सुटका मिळणं ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे तेवढं झालं तरी मी काचेला हार घालीन.

ग्लासगोकर

इथल्याचं सांगतो. स्कॉटलंडमध्ये आठ वेगवेगळी पोलीस दलं होती. १ एप्रिल २०१३ ला सगळी मिळून एक राष्ट्रीय दल केलं. कारण भ्रष्टाचार वगैरे नाही, पैसा. अनुदान घटणार होतं आणि आठ मुख्यालयं, आठ संगणकप्रणाली परवडणार नव्हत्या.

परिणाम काय? मोठ्या खुनांच्या तपासाला सगळीकडे सारखी साधनं मिळाली, हा फायदा. तोटा असा की ग्लासगोची पद्धत अख्ख्या देशाला लागली. हायलँड्समधल्या निवांत गावात कमरेला पिस्तूल लावलेला पोलीस खरेदीला दुकानात दिसायला लागला आणि लोक खवळले. झडत्यांचे आकडे इतके फुगले की नियम बदलावे लागले. मग स्थानिक नियंत्रण कक्ष बंद करून कॉल मोठ्या केंद्रांकडे वळवले. जुलै २०१५ मध्ये एम-९ महामार्गाशेजारी एक गाडी खाली गेलेली दिसली म्हणून कुणीतरी फोन केला, तो प्रणालीत नोंदवलाच गेला नाही. तीन दिवस गाडी तिथेच. आतली मुलगी तोवर जिवंत होती, नंतर रुग्णालयात वारली. २०२१ ला दलाला न्यायालयाने एक लाख पौंड दंड केला.

गावातल्या पोलिसाला कुठलं वळण कुठे आहे ते माहीत असतं. ते केंद्रात बसलेल्याला कसं कळणार?

बखरवाला

अवांतर, पण पूर्ण अवांतर नाही. १८६१ ची घडण आयरिश कॉन्स्टेब्युलरीवरून घेतली होती. लोकांत मिसळणारा लंडनचा पोलीस आपल्या वाट्याला आला नाही, बराकीत राहणारा सशस्त्र आयरिश पोलीस आला. आयर्लंडमध्ये ते दल १९२२ ला संपलं. उत्तर आयर्लंडमध्ये त्याचा वारसा चालवणाऱ्या दलात कॅथलिक आठ टक्क्यांच्या आसपासच होते, लोकसंख्येत मात्र चाळीसहून जास्त. १९९८ च्या शांतता करारानंतर पॅटन आयोग बसला, १७५ शिफारशी झाल्या, २००१ ला नाव आणि बोधचिन्ह बदललं, दहा वर्षं निम्मी भरती कॅथलिकांमधून केली, स्वतंत्र लोकपाल दिला. कॅथलिकांचं प्रमाण तिसाच्या जवळ गेलं. तिथे हे करारात लिहिलेलं होतं, दोन्ही बाजूंना त्याची गरज होती. आपल्याकडे नेमकी कुणाला गरज आहे?

डोके_दुखी

मला फक्त पासपोर्टच्या पडताळणीला घरी चहा न मागणारा पोलीस हवाय.

चहाबाज

चहाला काय झालं? चहा द्या हो.

रास्ता_रोको

हे सगळं राहू द्या, २०२१ मध्ये मुंबईत आयुक्त आणि गृहमंत्री यांचं जे झालं, त्यात अमुक पक्षाने...

संपादक मंडळ

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग उडवला आहे. पक्षीय धुळवडीसाठी वेगळा धागा आहे. इथे विषयाला धरून लिहावे.

खडूस आजोबा

संपादकांची मुदतपूर्व बदली करा. लोकहितार्थ.

सौ. खाकी

😂 प्रशासकीय निकड.

बखरवाला

गंमत बाजूला. कायदा कधी हलतो त्याचं महाराष्ट्रातलंच उदाहरण बघा. १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. त्यावर चार कायदेतज्ज्ञ प्राध्यापकांनी १९७९ ला सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ ला कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्काराचं स्वतंत्र कलम आलं. तिथे निकाल विरोधात गेला होता, पण लोक मागे लागले. प्रकाश सिंह प्रकरणात निकाल बाजूने आहे आणि मोर्चा एकही नाही. आस्थापना मंडळाच्या रचनेसाठी कोण उन्हात उभं राहणार?

तिसरी घंटा

मूळ प्रश्नाकडे येतो. मी बदलीला मेख म्हटलं होतं. पीएसआय काकांचा खर्चाचा मुद्दा, भातुकली यांचा मोजमापाचा आणि ऑलिव्ह यांचा वचकाचा, हे तिन्ही वाचून बदली एकटी पुरेल असं म्हणवत नाही. तरी सुरुवात तिथूनच व्हावी असं अजून वाटतं, कारण तिथे कायदा आधीच आहे, नवीन काही मागायचं नाही. काळा कोट, सामान्य माणसाला यात काही करता येतं का? की नुसतं वाचायचं?

काळा कोट

येतं. माहिती अधिकार वापरा. आपल्या जिल्ह्यातल्या एका वर्षातल्या मुदतपूर्व बदल्यांचे आदेश आणि त्या ज्या आस्थापना मंडळाच्या बैठकीत ठरल्या तिचं इतिवृत्त मागा. "कारणं द्या" असं लिहू नका, मत मागितलं म्हणून फेटाळतील. कागदाची प्रत मागा. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा आदेशांचा एक अर्ज आणि इतिवृत्ताचा दुसरा. प्रत्येकाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप.

भातुकली

मी माझ्या जिल्ह्याचा करते. रजिस्टर एडीची सवय झालीये.

निवृत्त पीएसआय

इतिवृत्तात बैठकीची तारीख बघा आणि आदेशाची तारीख बघा. आदेश आधीचा निघाला तर इथे टाका.

वऱ्हाडी ठेचा

मी अमरावतीचा करतो. मसुदा टाका ना कोट साहेब, आपल्याले दीडशे शब्दांत काही सांगता येत नाही.

काळा कोट

उद्या कोर्टातून आल्यावर टाकतो.